नेमका अभाव

एखाद्या मनुष्याची खरी योग्यता तो उठून गेल्यावर कळते, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. घरातील कर्ती बाई चार दिवस माहेरी गेली म्हणजे दूधवाल्याचा हिशेब, देवघरातील वात आणि मुलांच्या परीक्षेची तारीख ही तिन्ही एकाच डोक्यात नांदत होती, हे घरातील पुरुषांस प्रथमच विदित होते. कचेरीतील जुना कारकून निवृत्त झाला की, कोणता कागद कोणत्या कपाटात आहे हे ज्ञानही त्याच्याबरोबरच निवृत्त झाल्याचे साहेबांच्या ध्यानात येते. तात्पर्य, अभाव हाही एक गुरु आहे. मात्र हा गुरु फार मोघम बोलतो. कर्ती बाई गेली त्याच आठवड्यात मोलकरीणही आजारी पडली असेल, तर घराची झालेली दुर्दशा कोणाच्या खात्यावर मांडावी? कारकुनाचे अडलेले काम चार महिन्यांत दुसरा कोणी आपल्या पद्धतीने करू लागला असेल, तर पहिल्याची कामगिरी काय होती हे मागाहून पाहणाऱ्यास कसे समजावे? अभावाला स्पष्ट बोलावयास लावणे ही एक विद्याच आहे. आणि गेल्या पंचवीस वर्षांत जीवशास्त्राने ती विद्या ज्या सूक्ष्मतेस नेली आहे, तिची थोडीशी ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कार्यकारणसंबंध ठरविण्यासाठी आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. जेथे कारण तेथे कार्य, हा अन्वय. जेथे कारण नाही तेथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जवळजवळ हीच गोष्ट निराळ्या वेषात आढळते. आम्ही मिल आधी वाचला व अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह मागाहून, आठल्ये-बोडस ह्यांच्या आवृत्तीवरून. आमच्या शिक्षणाचा क्रमच तसा होता. परंतु दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती ही की, कारण तेवढे काढून घेता येते आणि बाकी सर्व जसेच्या तसे राहते. व्यवहारात असे क्वचितच घडते.

ह्याचे एक उदाहरण आम्हां सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढचे आहे. आमचे बिऱ्हाड जुळे सोलापुरात आहे. तेथील गच्चीवरून होटगी रस्त्याच्या बाजूस नजर टाकली असता श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी दिसत असे. विमानांच्या वाटेत ती आडवी येते ह्यावरून कित्येक वर्षे वाद चालला, आणि अखेर १५ जून २०२३ रोजी स्फोटकांच्या साहाय्याने ती काही क्षणांत जमीनदोस्त करण्यात आली. पुढे जून २०२५ मध्ये सोलापुराहून गोव्यास विमान जाऊ लागले. आता, चिमणी पडली म्हणून विमान आले, असे म्हणणे फार सोपे आहे. पण मधल्या दोन वर्षांत विमानतळाची दुरुस्ती झाली, परवाने मिळाले, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले, विमान चालविण्यास एक कंपनी तयार झाली. ह्यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरवावयाचे असेल तर चिमणी पुन्हा उभी करून पाहावी लागेल. आणि तसे करण्यास कोणीही राजी होणार नाही. व्यतिरेक झाला खरा, परंतु त्यातून निघणारा निर्णय मात्र वादग्रस्तच राहिला.

ह्यावरून अभावाने निःसंदिग्ध उत्तर द्यावे अशी इच्छा असेल तर त्याच्या अंगी तीन गुण असले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. तो नेमका असावा, म्हणजे जे काढावयाचे तेवढेच निघावे. तो तात्काळ घडावा, म्हणजे इतरांस सावरून घेण्यास अवधी मिळू नये. आणि तो उठविता यावा, म्हणजे काढलेले परत आणून पहिली स्थिति येते की नाही ते ताडून पाहता यावे. ह्या तीन कसोट्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढील सर्व विवेचन त्यांच्याच आधाराने चालणार आहे.

सजीवाच्या प्रत्येक पेशीत जी कामे चालतात ती बहुतेक प्रथिने करतात. ऊर्जा निर्माण करणारी प्रथिने वेगळी, जनुकांस जागे करणारी वेगळी, पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढून नेणारी वेगळी. मनुष्याच्या ठायी प्रथिने घडविणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. त्यांतील कित्येकांचे प्रथिन नेमके काय काम करते हे अद्याप पुरते उमगलेले नाही. मग एखाद्या प्रथिनाचे काम ओळखावे कसे? पहिला मार्ग म्हणजे त्याचे जनुकच काढून टाकणे. उंदराच्या बाबतीत ही किमया साधणाऱ्या कापेकी, एव्हान्स व स्मिथीज ह्या तिघांस २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा अभाव नेमका असतो, परंतु जन्मापूर्वीपासूनचा असतो. ते प्रथिन जगण्यास आवश्यक असेल तर उंदीर गर्भातच मरतो व आपल्यास काहीच सांगून जात नाही. आवश्यक नसेल तर शरीर दुसऱ्या कोणाकडून ते काम करवून घेते, आणि आपण समजतो की ते प्रथिन निरुद्योगीच होते. दुसरा मार्ग म्हणजे जनुकाकडून निघणारा आरएनएरूपी निरोप मध्येच नष्ट करणे. तो दाखविणाऱ्या फायर व मेलो ह्यांस २००६ साली तोच मान मिळाला. येथे नवीन प्रथिन तयार होणे थांबते, पण आधीचे तयार असलेले मात्र आपले आयुष्य संपेपर्यंत काम करीतच राहते. अध्यापकांची नवी भरती बंद केली म्हणून महाविद्यालय दुसऱ्या दिवशी ओस पडत नाही. जुनी मंडळी एकेक करून निवृत्त होईपर्यंत वर्ग चालूच असतात, व तोवर उरलेल्यांनी त्यांचे तास वाटून घेतलेले असतात. अशा महाविद्यालयाकडे पाहून अध्यापकांचा उपयोग काय, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू जाणारा फसावयाचाच.

तेव्हा प्रश्न असा उरला की, जनुक व निरोप ह्यांस हात न लावता, तयार असलेले प्रथिनच हवे त्या क्षणी नाहीसे करता येईल काय? ह्याचे उत्तर संशोधकांना पेशीनेच दिले. कारण पेशी हा उद्योग अनादि काळापासून करीत आली आहे.

शरीरातील प्रथिने एकदा घडली की घराच्या भिंतींप्रमाणे टिकून राहतात, असा पूर्वी समज होता. रुडॉल्फ शेनहाइमर ह्या जर्मनीतून अमेरिकेस गेलेल्या रसायनज्ञाने नायट्रोजनच्या जड प्रकाराची खूण वापरून तो खोटा ठरविला. शरीरातील भिंती सदैव पाडल्या जात असतात व सदैव नव्याने बांधल्या जात असतात, असे त्याच्या प्रयोगांतून निष्पन्न झाले. त्याचे हे विचार १९४२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने बाहेर आले. पुढे १९५३ साली सिम्प्सन ह्याने एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली. प्रथिनांचे तुकडे होण्यासही पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. वस्तुतः मोडतोडीस खर्च कसला? अन्न पोटात पचते तेव्हा प्रथिने मोडतात, त्यास असा खर्च पडत नाही. मग पेशीच्या आतच तो का पडावा? ह्या कोड्याचा उलगडा हैफा येथील हर्शको व सिएखानोव्हर आणि अमेरिकेतील रोझ ह्यांनी १९८० च्या सुमारास केला. ज्या प्रथिनाचे आयुष्य संपवावयाचे त्याच्या अंगावर पेशी युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटविते; ही खूण पाहून प्रोटिएसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे यंत्र त्यास आत ओढून त्याचे तुकडे करते. खूण कोणास लावावयाची हे ठरविणारे लायगेज नावाचे सहाशेहून अधिक पारखी मनुष्याच्या पेशींत असतात. म्हणजे पेशीची ऊर्जा केवळ मोडण्यात खर्च होत नाही. अमुकच मोडावे व तमुक मोडू नये, ह्या निवडीचे ते मोल आहे. विध्वंस फुकटात होतो. विवेकाने केलेल्या विध्वंसास दाम मोजावे लागतात. ह्या शोधाबद्दल उपरिनिर्दिष्ट तिघांस २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी डॉ. प्रसन्ना वेंकटरामन ह्यांनी अमेरिकेतील आल्फ्रेड गोल्डबर्ग इत्यादिकांबरोबर असे दाखविले की, हंटिंग्टन ह्या मज्जारोगात आढळणारी ग्लुटामिनची लांबलचक माळ प्रोटिएसोमास पचविता येत नाही. ह्याच विदुषींनी पुढे आपल्या महाराष्ट्रात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग-संशोधन संस्थेत प्रोटिएसोमाचा अभ्यास चालविला, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता ह्या यंत्रास आपल्या इच्छेप्रमाणे शिकार दाखवावी कशी, हा प्रश्न. आणि त्याच्या उत्तराचा एक धागा, वाचकांस नवल वाटेल, पण आमच्या सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागांतून जातो.

सांगोले, मंगळवेढे, पंढरपूर ह्या भागांत डाळिंबाची रोपे गुटी कलमाने करतात. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोटभर साल वर्तुळाकार काढून घ्यावयाची, उघड्या भागाच्या वरच्या कडेस संजीवक लावावयाचे, त्यावर ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावयाचा, आणि वाट पाहावयाची. महिना-दीड महिन्यात कागदाआड पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. ह्या संजीवकास शेतकरी आय.बी.ए. म्हणतात, त्याचे पूर्ण नाव इंडोल ब्युटिरिक आम्ल. झाडात गेल्यावर त्याचे बहुतांशी ऑक्झिन ह्या झाडाच्या स्वतःच्या संजीवकात रूपांतर होते. ऑक्झिनाचे अस्तित्व वेंट ह्या डच शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास ओटच्या कोंबांवर प्रयोग करून सिद्ध केले, व तेव्हापासून वनस्पतिशास्त्राचा प्रत्येक अध्यापक ते कोंब फळ्यावर काढीत आला आहे. आम्हीही गेली तीस वर्षे काढीत आहो. पण ऑक्झिन मुळ्यांस फुटावयास सांगते म्हणजे करते तरी काय, ह्याचे उत्तर २००५ साली दोन स्वतंत्र संशोधक-मंडळांनी दिले, आणि ते अगदी अनपेक्षित होते. ऑक्झिन कोणास आज्ञा करीत नाही. वाढीची जनुके झाडात सज्जच असतात; काही प्रथिने त्यांस दडपून बसलेली असतात. ऑक्झिन हे दडपणारे प्रथिन आणि टीआयआर-१ नावाचा पारखी ह्या दोहोंच्या मध्ये शिरून त्यांस डिंकासारखे चिकटविते. पारखी खूण लावतो, प्रोटिएसोम आपले काम करते, दडपणारा नाहीसा होतो आणि जनुके जागी होतात. सांगोल्याचा शेतकरी फांदीवर बोट फिरवितो तेव्हा एका प्रथिनाचा नेमका नाश घडवून आणीत असतो. त्याला ह्याचा पत्ता नसतो, आणि २००५ पूर्वी तो आम्हां अध्यापकांसही नव्हता.

ही यंत्रणा प्राण्यांत नाही, आणि तोच तिचा मोठा गुण ठरला. जपानातील कानेमाकी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली असे केले की, मोहरीच्या कुळातील एका क्षुद्र तणाचे ते दडपणारे प्रथिन घेऊन त्याचा तुकडा आपल्यास हव्या त्या प्रथिनास शेपटीसारखा जोडला. भाताच्या रोपातील पारखी यीस्टच्या आणि प्राण्यांच्या पेशींत आणून ठेवला. आणि मग बाहेरून ऑक्झिन घातले. शेपटी असलेले प्रथिन अर्ध्या-एक तासात दिसेनासे झाले. शेपटी नसलेल्या शेजाऱ्यांस धक्का लागला नाही, कारण प्राण्यांच्या पेशीत ऑक्झिनास दुसरे काही ओळखीचे नव्हते. ऑक्झिन धुऊन काढले की प्रथिन पुन्हा तयार होऊ लागले. नेमकेपणा, तात्काळपणा आणि उठविता येणे, ह्या तिन्ही कसोट्यांस प्रथमच एवढ्या सुलभतेने उतरलेला हा व्यतिरेक होय. त्यात दोष नव्हते असे नाही. ऑक्झिन घालण्यापूर्वीच थोडा नाश होत असे आणि औषधाची मात्राही फार लागे. २०२० साली त्याच मंडळींनी पारखी व ऑक्झिन दोहोंत फरक करून मात्रा कित्येक शतपट खाली आणली, व ही युक्ति उंदरांतही चालेल असे करून दाखविले.

ह्या साधनाने काय साधले, ह्याचे एकच उदाहरण देतो. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचे डीएनए घड्या घालून ठेवलेले असते, आणि त्या घड्यांत ठिकठिकाणी फासे असतात. हे फासे कोहेसिन नावाचे कड्याच्या आकाराचे प्रथिन धरून ठेवते, व कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे त्या फाशांवर अवलंबून असते, अशी समजूत दृढ होत चालली होती. कोहेसिन जनुकासह काढून पाहण्याची सोय नव्हती, कारण त्यावाचून पेशीस दुभंगताच येत नाही. सुहास राव, लीबरमन-एडन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली कोहेसिनच्या एका भागास उपरोक्त शेपटी जोडली आणि सहा तास ऑक्झिन दिले. फासे झाडून सारे गेले. ऑक्झिन काढताच ते थोड्याच वेळात परत आले. परंतु त्या सहा तासांत बहुतेक जनुकांच्या कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही! ज्यास सर्वांनी आढ्याचा खांब समजावे तो काढावा, आणि छप्पर मात्र जागच्या जागी राहावे, असा हा प्रकार झाला. त्यावरून खांब निरुपयोगी होता असे कोणी म्हणू नये. काही जनुकांस फरक पडलाच, आणि दीर्घकाळ कोहेसिनावाचून पेशी जगणारही नाही. पण सर्वांनी मानलेली गोष्ट सहा तासांच्या अभावाने पुन्हा विचारात घ्यावयास लावली, हे त्या साधनाचे सामर्थ्य निर्विवाद होय.

येथे आम्हांस पुन्हा अन्नंभट्टाची आठवण होते. त्याने सांगितलेल्या चार अभावांत एक प्रध्वंसाभाव आहे. मडके फुटल्यावर त्याचा जो अभाव होतो तो हा. ह्या अभावास आरंभ आहे, पण अंत नाही. कारण फुटलेले मडके पुन्हा होत नाही. जपानी युक्तीने अभाव उठविता येतो असे आम्ही वर म्हटले, तेव्हा नैयायिकाचे म्हणणे खोटे पडले काय? मुळीच नाही. ऑक्झिन काढल्यावर जे दिसू लागते ते नष्ट झालेले प्रथिन नव्हे. जनुकाच्या आज्ञेवरून घडलेले दुसरे प्रथिन होय. मडके फुटले ते फुटलेच, पण कुंभार शाबूत आहे. जनुकास हात न लावण्यात जे शहाणपण आहे ते हेच.

आतापर्यंत आम्ही प्रयोगशाळेविषयी लिहिले. परंतु कुंभार शाबूत ठेवला तरी एखादे मडके कोणत्या क्षणी फुटते ह्यावर मनुष्याचे आयुष्य अवलंबून असू शकते, आणि ही गोष्ट आम्ही घरातच शिकलो. आमच्या वडील बंधूंच्या पत्नीस तीन वर्षांपूर्वी मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतील एका जातीच्या पेशींचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यांस इतर उपचारांबरोबर लेनालिडोमाइड नावाची कॅप्सूल देण्यात येते: एकवीस दिवस घ्यावयाची, सात दिवस थांबावयाचे. डब्यावर गर्भवती स्त्रियांविषयी मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना छापलेली आहे. ती वाचून साठी उलटलेल्या आमच्या वहिनी प्रथम हसल्या, व मग गंभीर होऊन म्हणाल्या, "भावोजी, एवढे भय घालतात ती गोळी आत जाऊन करते तरी काय?"

आम्ही त्यांस जे सांगितले त्याचा सारांश असा. ह्या कॅप्सुलेची थोरली बहीण थॅलिडोमाइड. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत व पुढे अनेक देशांत झोपेचे व ओकाऱ्यांचे निर्धोक औषध म्हणून ती विकली गेली. गर्भवती स्त्रियांनी ती घेतली, आणि दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ च्या अखेरीस ती बंद झाली. अशी अनर्थकारक वस्तु कायमची पुरली गेली असती. परंतु कुष्ठरोगातील एका वेदनादायक उपद्रवावर तिचा गुण येतो असे जेरूसलेम येथे शेस्किन ह्या वैद्यास १९६४ साली दिसून आले, आणि १९९९ साली सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमावरही तिचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. लेनालिडोमाइड तिच्यावरूनच घडविलेले. पण ह्या सर्व काळात हे औषध शरीरात नेमके काय करते हे कोणास सांगता येत नव्हते. २०१० साली जपानातील इतो व हांडा ह्यांनी ते सेरेब्लॉन नावाच्या पारख्यास जाऊन चिकटते असे दाखविले. २०१४ साली उमगले की, लेनालिडोमाइड त्या पारख्याची दृष्टि फिरविते आणि एरवी तो ज्यांस ओळखत नाही अशी इकारोस व आयोलोस ही दोन प्रथिने त्याच्या पुढ्यात आणून उभी करते. मायलोमाच्या पेशी ह्या दोघांवरच जगतात. ती गेली की पेशी मरतात. २०१८ साली ह्याच मार्गाने थॅलिडोमाइड गर्भात सॉल-४ नावाचे प्रथिनही नष्ट करविते असे आढळले, आणि ते प्रथिन तर हातापायांच्या घडणीस आवश्यक. उंदरांवरील चाचण्यांत हे व्यंग दिसले नव्हते. त्याच्या कारणांपैकी एक असे की, उंदराच्या सेरेब्लॉनात मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल निराळे आहे.

वहिनींचे माहेर सांगोल्याकडचे. गुटी बांधणारे हात त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. ऑक्झिनाची गोष्ट त्यांस आधीच सांगितलेली होती. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे ही गोळी स्वतः कोणाला मारीत नाही. ती नुसती पोलिसाला घर दाखविते. खबऱ्याच म्हणायची की!" आम्ही तीस वर्षांत इतकी चपखल व्याख्या केली नव्हती. मग त्यांनीच पुढे विचारले, "आणि त्या मुलांच्या वेळी तिने भलतेच घर दाखविले, असेच ना?" त्यावर आम्हांस होकाराखेरीज बोलण्यासारखे काही उरले नाही.

ह्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्या दहा हजार गर्भांत जे घडले तोही एक व्यतिरेकच होता. एक प्रथिन काढले गेले आणि त्याचे कार्य, म्हणजे हात, दिसेनासे झाले. फरक एवढाच की, तो प्रयोग कोणी योजिला नव्हता, कोणास त्याचा अर्थ कळत नव्हता, आणि तो उठविता येत नव्हता. गर्भाच्या ज्या दिवसांत हात घडावयाचा ते दिवस एकदा गेले म्हणजे प्रथिन परत आले तरी हात परत येत नाही. आज तीच रचना संशोधकांच्या हातातील साधन बनली आहे. येल विद्यापीठातील क्रूज व कॅलिफोर्नियातील देशाये ह्यांनी २००१ साली एक दुतोंडी रेणू तयार केला होता. त्याचे एक तोंड पारख्यास धरते व दुसरे तोंड हव्या त्या प्रथिनास, त्यामुळे शेपटी जोडण्याचीही गरज उरत नाही. पारख्यास धरणाऱ्या त्या तोंडाच्या जागी थॅलिडोमाइडच्या जातीचा तुकडा बसविण्याची रीत २०१५ पासून विशेष रूढ झाली. अज्ञानात ज्या रेणूने एवढा अनर्थ केला त्याचाच तुकडा आज एकेका प्रथिनाचे काम काय, हा प्रश्न विचारण्यास वापरतात. त्यामुळे त्या मुलांचे काही परत मिळाले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे हृदयशून्यपणाचे होईल. परंतु घर दाखविण्यापूर्वी ते कोणाचे हे विचारण्याची सोय झाली, एवढे तरी खचित म्हणता येईल.

आमचे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात की, एखादे प्रथिन नाहीसे करून ते काय करीत होते हे कळल्याने जगाचा कोणता लाभ झाला. त्यांस आम्ही वहिनींची हकीकत त्यांचे नाव न घेता सांगतो. १९५७ साली कोणी हा प्रश्न विचारू शकला असता तर काय वाचले असते, ह्याचा विचार त्यांनी आपापल्या मनाशी करावा. त्याचबरोबर आम्ही त्यांस एक सावधगिरीही सांगतो. व्यतिरेक हे अर्धेच ज्ञान आहे. काढल्याने जे बिघडले तेवढेच त्या वस्तूचे काम, असे मानू नये; आणि काढल्याने काही बिघडले नाही म्हणून ती व्यर्थ, असे तर मुळीच मानू नये. कोहेसिन सहा तास नसले तर पेशी फारशी तक्रार करीत नाही. पण दुभंगण्याची वेळ आली म्हणजे त्याच्यावाचून तिचे चालत नाही. अभाव कोणत्या घटकेस पाहिला, ह्यावर त्याचे बोलणे अवलंबून असते. म्हणूनच नैयायिकांनी अन्वयास पहिले स्थान दिले आहे. वस्तु असताना तिच्याकडे नीट पाहावे, आणि मग तिच्यावाचून पाहावे.

वहिनींचा रोग आज आटोक्यात आहे, गेलेला नाही. कित्येक रोग्यांत काही वर्षांनी त्या पेशी आपल्या सेरेब्लॉनातच फेरफार करून घेतात, आणि मग खबऱ्याने घर दाखविले तरी पोलीस जागचा हलत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. वहिनींसही ते ठाऊक आहे. त्यांनी विचारले व आम्ही लपविले नाही. त्यावर काय करावे ह्याचा शोध जेथे चालला आहे तेथे आजही कोणी तरी एका प्रथिनास नाहीसे करून अर्धा तास वाट पाहात बसलेला असेल. आमच्या घरात मात्र अभावाचा धडा इतक्या लवकर कोणास शिकावयाचा नाही. महिन्यातील एकवीस दिवस रात्रीच्या जेवणानंतर वहिनी पाण्याचा पेला मागतात, आणि तो देण्यासाठी घरातील दोघे-तिघे एकदमच उठतात.